चार बोटं सावली

पावणं,

संक्रांत झाली. तुमच्या घरात यंदा तीळगूळ नव्हता. सकाळी आक्कांनी चुलीवर नुसता चहा ठेवला, कप माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाल्या, "भावजी, दुपारच्याला माळावर जायाचं हाय. तुमचं काम ऱ्हायलंय तिथं." कसलं काम ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. तुमच्या तेराव्याची पंगत उठल्यापासून मला कोणालाच काही विचारायचा कंटाळा आला होता. माणसं येत, ओसरीवर बसत, "हवालदार म्हंजे सरळ मानूस" म्हणत, आणि उठताना मला बाजूला घेऊन तुमच्या माळाचं काय ठरलं ते विचारत. माणूस जाऊन पुरते दोन आठवडे झाले नव्हते.

आता साताऱ्याला परत आलो आहे. ऑफिसातून आलो की पाय सोडून बसतो. तुमची मेहुणी म्हणते, जरा आडवे व्हा. आडवा झालो की तुमच्याशी भांडण सुरू होतं, म्हणून बसून हे लिहितो आहे.

आपण साडू. दोन सख्ख्या बहिणी दोघांनी केल्या, थोरल्या आक्का तुम्ही आणि धाकटी मी, एवढंच आपलं नातं. तसं नातं लग्नाकार्यात एकमेकांना टोपी-टॉवेल देऊन संपतं. आपलं संपलं नाही, कारण तुम्हाला वाद घालायला माणूस हवा होता आणि मला समोरच्याचा आकडा चुकीचा दिसला की गप्प बसवत नाही. तुम्ही बोलायला लागलात की माझ्या तोंडी "चुकतंय, पावणं" हे ठरलेलं. आक्का आतून म्हणायच्या, "झालं ह्यांचं सुरू. पिठलं निवतंय."

मी आष्ट्याचा. कृष्णेच्या पाण्यावरचा ऊस, दारात वैरण, उन्हाळ्यातही हिरवं दिसणारं शिवार. तुमची वाडी म्हसवडपासून आत, जिथं पावसाळ्यातही माणसं आभाळाकडे संशयाने बघतात. पहिल्यांदा सासुरवाडीच्या लग्नात भेटलो तेव्हा तुम्ही मला म्हणाला होतात, "तुमी उसातली मानसं. तुमास्नी ऊन म्हंजे सावलीत बसून बघायची चीज." मला तेव्हा राग आला होता. पण बोलणं खोटं नव्हतं.

फौजेत तुम्ही सिग्नलला होतात. बिनतारी यंत्रं, बॅटऱ्या, तारांची भेंडोळी. पेन्शन घेऊन घरी आलात तेव्हा मोठा दुष्काळ चालू होता. वाडीतल्या बायका-पुरुष दुष्काळी कामावर खडी फोडत होते आणि तुम्ही हवालदाराच्या ऐटीत आलेला माणूस दुसऱ्या दिवशी घण घेऊन त्यांच्यात जाऊन बसलात. त्या वर्षाबद्दल तुम्ही फारसं बोलत नव्हता. एकदाच म्हणालात, "पावणं, ह्या उनानं आमची जनावरं न्हेली, हिरी न्हेल्या, मानसं पोटासाठी मुलखावर घालवली. आता काय द्यायचं ते त्येनंच द्यावं. दुसऱ्या कुनाकडं काय हाय हितं?"

मग दोन-तीन वर्षांनी तुम्ही पेन्शनच्या कसल्याशा कामाला पुण्याला गेलात आणि परत येताना वाट वाकडी करून साताऱ्याला माझ्याकडे उतरलात. हातपाय धुवायच्या आधी सांगायला लागलात. कुठल्याशा प्रदर्शनात तुम्ही एक निळी काचेची पाटी बघितली होती, शाळेच्या पाटीएवढी. तिला दोन तारा, तारांना एक खेळण्यातला पंखा. बॅटरी नाही, इंजिन नाही, काही नाही. पाटी उन्हात धरली की पंखा फिरतो.

"आन मी काय केलं," तुम्ही म्हणालात, "पाटीच्या कोपऱ्यावर नुसतं बोट धरलं. एक बोट. तर पंखा बंद. समदी पाटी उनात, एक कोपरा सावलीत, तर समदंच बंद. बोट काडलं, सुरू. तिथला पोरगा म्हनला, बाबा, हात लावू नका. मी म्हनलं, गड्या, हात न्हाई लावत, सावली लावतोय."

मी तुम्हाला त्याचं कारण सांगितलं. त्या पाटीत लहान लहान घट एकामागे एक जोडलेले असतात. टॉर्चमधल्या सेलांसारखे. त्यातला एक अडला की मागचे सगळे अडतात. तुम्ही ताटावर बसेपर्यंत ते ऐकत होतात. मग म्हणालात, "म्हंजे सावली हाच दुश्मन." त्या दिवसापासून तुमचं डोकं त्या एका गोष्टीवर होतं.

वाडीच्या वरचा माळ तुमच्या वाटणीचा. चौदा एकर, आणि त्यात कुळथाचंही धड पीक नाही. दगड, कुसळं आणि वारा. तुमचं म्हणणं, ह्या माळावर निळ्या पाट्या मांडायच्या. ओळीनं, दक्षिणेला तोंड करून, पलटणीसारख्या. उन्हाचं पॉवर हाऊस.

मी वीजखात्यातला. नव्या लाइनीची अंदाजपत्रकं करणं हे माझं रोजचं काम. कुठल्या गावाला किती खांब लागतील, किती तार, लोड म्हणजे विजेचा वापर किती मिळेल, मिळणाऱ्या लोडवर लाइन मंजूर होण्यासारखी आहे की नाही. तेव्हा मी कागद घेतला. भर दुपारी एका चौरस मीटरवर साधारण एक किलोवॉट ऊन पडतं. पाटी त्यातला दहावा हिस्सा वीज करून देते, तोही चांगली असली तर. पाच हॉर्सपॉवरच्या एका मोटरीला चाळीसेक चौरस मीटर पाट्या. तुमच्या माळाची निम्मी जागा पाट्यांनी झाकली आणि निम्मी चालायफिरायला ठेवली, तर भर दुपारी सातशेच्या आसपास मोटरी चालतील. हा आकडा मी दोनदा काढला, कारण तो मला जास्त वाटला. दोन्हीदा तोच आला.

तुम्ही कागदाकडे बघून म्हणालात, "सातशे?"

"दुपारपुरत्या. सकाळी कमी, सांजेला कमी, रात्री शून्य. आणि तसल्या पाट्या आज देशात कोणी माळभर करत नाही. ज्या आहेत त्या उपग्रहावर लावतात. त्यांचा खर्च माळ बघून कोणी करणार नाही. चुकतंय, पावणं."

"रातच्याला कोयना हाय की."

"म्हणजे?"

"दिवसा आमचं ऊन वापरा. कोयनेचं पानी राखून ठेवा. रातच्याला सोडा. पानी ठेवता येतं, ऊन ठेवता येत न्हाई. मंग जे ठेवता येतं ते ठेवावं."

मी म्हणालो, ते इतकं सोपं नसतं. तुम्ही म्हणालात, "सोपं कोन म्हनलं? मी फौजेत सोपं काय केलंय?" त्यावर मी काहीतरी उत्तर दिलं होतं, पण ते उत्तर मला आता आठवत नाही, आणि आठवण्यासारखं नसावं. हा वाद आपला तसाच राहिला. मी ऑफिसात एक-दोघांकडे विषय काढून पाहिला. ते हसले. हसण्याला आकडा लागत नाही.

त्यानंतर तुम्ही माळाच्या खालच्या सपाट कोपऱ्यात दगड मांडायला घेतलेत. छावणीत रस्त्याच्या कडेला चुना लावलेले दगड असतात तसे, पांढरेशुभ्र. सात ओळी. प्रत्येक ओळ म्हणजे पाट्यांची एक रांग. पाटीचा वरचा काठ जमिनीपासून चार फूट उंच येईल असं धरून तुम्ही चार फुटांची बांबूची काठी केलीत आणि तिची सावली बघत बसायचात, म्हणजे पुढच्या रांगेची सावली मागच्या रांगेवर पडणार नाही एवढं अंतर सोडता येईल. वाडी म्हणायची, हवालदार परेड ग्राउंड करतोय. कोणी म्हणालं, मंत्री हेलिकॉप्टरनं येणार हाय. एका म्हातारीने पहिल्या ओळीतल्या मधल्या दगडाला शेंदूर लावला तेव्हा तुम्ही तो घासून काढून परत चुना दिलात आणि म्हणालात, "आजे, ह्यो देव न्हवं, ह्यो मार्कर हाय, खुनंचा दगड." ती म्हणाली, "मंग हितं नवस कुटं बोलायचा?"

मी हसत असे. पण दर खेपेला माळावर यायचो, काठी बघायचो, आणि एकदा तरी म्हणायचो, चुकतंय.

खरी चूक सापडली ती यंदाच्या यात्रेत. सिद्धनाथाचा रथ म्हसवडातून निघाला होता, आपण गर्दीच्या कडेला एका ओट्यावर शेव-चिवडा खात बसलो होतो आणि मी सहज विचारलं, "पावणं, मागच्या ओळीचं अंतर कुठल्या दिवशी मोजलंत?"

"संक्रांतीला. दुसरं कवा? सूर्य सगळ्यात खाली तवाच. सावली सगळ्यात लांब तवाच. तिथनं म्होरं दिवस तिळातिळानं वाढतो."

"चुकतंय. संक्रांत पंचांगाची. सूर्य उलटतो तो डिसेंबरच्या बावीस तारखेच्या आसपास. संक्रांतीपर्यंत तो बराच वर आलेला असतो. तुमच्या ओळी जवळ बसल्यात."

तुम्ही चिवडा खाली ठेवलात. "म्हंजे आमचा बा, आजा, समदा मुलूख चुकला व्हय? संक्रांतीला उत्तरायन लागतं हे ल्हान पोर बी सांगतंय."

"मी सांगतोय ते काठी सांगेल. बावीस तारखेला लावून बघा."

"मी एकला न्हाई बघनार. तुमी या. तुमच्या डोळ्यादेखत सावली मोजू. चूक निघाली तर तुमची निघंल."

"रजा मिळाली तर येतो."

"रजा," तुम्ही म्हणालात, "तुमच्या रजेवर सूर्य थांबायचा न्हाई."

डिसेंबरात ऑफिसात कामाचा ढीग असतो. रजा मिळाली नाही. महिन्याच्या शेवटी तार आली ती तुमच्या जाण्याची. सकाळी उठलाच नाहीत म्हणे. तुम्ही आयुष्यभर बिगुलाच्या आधी उठणारे, म्हणून आक्कांना आधी वाटलं की थंडी आहे, पडू दे.

आता खडीवाल्याचं सांगतो. हा विषय तुम्ही मला नीट कधी सांगितला नव्हता. आक्कांनी तेराव्यानंतर सांगितला. गेलं वर्षभर तो तुमच्याकडे येत होता. त्याला माळ हवा होता. तिथला दगड चांगला, रस्ता जवळ, खडी फोडायचं मशीन बसवायचं. आणि मशीन आलं की विजेची लाइन येणार. वाडीला आजवर खांब नाहीत. मशीनच्या लाइनीवरून वाडीला दिवे मिळतील असं त्याने सगळ्यांना सांगितलं होतं. म्हणून सगळी वाडी माझ्याकडे बघत होती. तुमचा लेक सुट्टी संपवून पलटणीत परत गेला. जाताना म्हणाला, आई ठरवेल ते. आक्का म्हणाल्या, "मला काय कळतंय? विजेचं भावजींना कळतंय. ते सांगतील ते."

म्हणजे तुमच्या माळाचा निकाल माझ्या तोंडून लागायचा होता. गेली काही वर्षं जो माणूस तुम्हाला चुकतंय म्हणत आला, त्याच्या.

मला हा भार नको होता, हे लिहून ठेवतो. मी रात्रभर गणित करत बसलो नाही. दमलो होतो, झोपलो. पण सकाळी चहा घेताना मला स्पष्ट दिसत होतं की खडीवाल्याचं म्हणणं खोटं नाही. वाडीचा लोड मोजका: थोडे दिवे, थोड्या मोटरी, त्याही विहिरींना पाणी असेल तर. एवढ्यावर लाइनीचं अंदाजपत्रक मंजुरीला पाठवलं तर ते माझ्याच टेबलावर परत येतं. मशीनचा लोड त्यात धरला की ते बसतं. असली अंदाजपत्रकं मी स्वतः करतो. तुमच्या निळ्या पाट्यांचं अंदाजपत्रक मी करू शकत नाही, कारण त्यात पाटीच्या किमतीच्या रकान्यात काय लिहायचं ते मला आज माहीत नाही.

दुपारी आक्का आणि मी वर गेलो. त्यांच्या हातात तुमची काठी होती. घड्याळातल्या बाराला आपल्याकडे सूर्य माथ्यावर नसतो, तो यायला या दिवसांत साडेबारा उलटून जातात. तोवर आम्ही पहिल्या ओळीपाशी बसून राहिलो. वारा होता. आक्का म्हणाल्या, "हितंच बसायचं त्येनी. भाकरी हितं घिऊन यावी लागायची. म्हनायचं, खाली आलो तर सावली निघून जाईल."

मग मी काठी रोवली आणि सावली आखूड होत होत थांबेपर्यंत बघितली. तिचं टोक बरोबर एका चुन्याच्या रेघेवर आलं. तुमची जुनी संक्रांतीची रेघ. त्यात काही नवल नव्हतं, संक्रांतच होती.

पण त्या रेघेच्या पुढे, उत्तरेच्या बाजूला, दुसरी एक रेघ होती. चुना ताजा. मी दोन्हींमध्ये बोटं ठेवली. चार बोटं अंतर.

मी आक्कांकडे बघितलं. त्या तिकडे खाली वाडीकडे बघत होत्या.

"ही कधी मारली?"

"नाताळाच्या आदी. तुमची लय वाट बघितली त्या दिशी. मंग एकलंच वर आलं. माघारी आलं ते हसत. मी इचारलं, काय झालं? म्हनलं, पावणं बरोबर हाय. पन त्येस्नी सांगायचं न्हाई. संक्रांतीला येतील तवा त्येंच्या म्होरं काठी लावायची, दोनी रेघा दावायच्या आन गप बसायचं. बघू काय बोलत्यात."

दोन्ही रेघा मी बघितल्या, पावणं. तुम्हाला हवं होतं तेच झालं, पण तुम्ही बघायला नव्हता.

मग मी ओळींकडे बघितलं. ज्याला सवय आहे त्याला लगेच दिसतं. दुसरी ओळ तुम्ही चार बोटं मागे नेली होती. तिसरी आठ बोटं, कारण दुसरी सरकली की तिसरीला तिचं आणि स्वतःचं असं दोन्ही सरकावं लागतं. हे तुमच्या लक्षात आलं होतं याचं मला समाधान वाटलं. पण चौथीपासून पुढच्या चारही ओळी होत्या तिथेच होत्या. म्हणजे तिसरी आणि चौथी आता पूर्वीपेक्षाही जवळ आल्या होत्या. अर्धी दुरुस्ती मूळ चुकीहून वाईट असते.

"तिसऱ्या वळीला दम लागला त्येस्नी," आक्का म्हणाल्या. "मी म्हनलं, बास करा आता. तर म्हनलं, ऱ्हायलेली पावण्याकडनं हलवून घिऊ. चूक त्येनी काडली, दगडं बी त्येनीच उचलावी."

सकाळी त्या म्हणाल्या होत्या तुमचं काम राहिलंय, ते हे.

तेवढ्यात खालून फटफटीचा आवाज आला. खडीवाला. त्याला मीच आज यायला सांगितलं होतं. माणूस वाईट नाही. त्याने चपला लांब काढल्या, आक्कांना हात जोडले आणि मला म्हणाला, "साहेब, तुम्ही खात्यातले. तुम्हीच सांगा, हवालदारांचं ते उन्हाचं होण्यासारखं आहे का?"

"आज नाही."

"बघा. आणि माझं मशीन आलं तर वाडीला लाइट येईल की नाही?"

"येईल. लवकर येईल."

तो आक्कांकडे वळून हसला. आक्कांनी पदर सावरला. त्या माझ्याकडे बघत होत्या. मला एवढंच सांगून थांबता आलं असतं. दोन्ही उत्तरं खरी होती. पण ती पुरी नव्हती, आणि अपुरं अंदाजपत्रक मी पुढे पाठवत नाही.

मी म्हणालो, "आज नाही, म्हणजे कधीच नाही असं मी म्हणत नाही. या माळावर दुपारी सातशे मोटरींची वीज पडते, हे गणित मी दोनदा केलंय. ती काढायची पाटी आज परवडत नाही. पुढे परवडेल का, ते मला माहीत नाही. पण इथला दगड काढला तर माळाच्या जागी खड्डा राहील, आणि खड्ड्यात सावली असते."

"साहेब, माहीत नाही यावर वाडी अंधारात बसवायची?"

"नाही. ओढ्यापलीकडचं टेकाड बघितलंत? दगड हाच आहे. मशीन तिथं बसलं तरी लोड तेवढाच. लाइन वाडीवरूनच जाईल. खांब थोडे वाढतील. अंदाजपत्रक मी करून देतो, नियमात बसेल तेवढंच करीन, पण बसेल असं मला वाटतं."

"तिकडं रस्ता नाही."

"रस्ता नाही हे खरं आहे."

त्याने ओढ्यापलीकडच्या टेकाडाकडे एकदा बघितलं. मग आक्कांना म्हणाला, "वहिनी, तुमचं काय म्हणणं?"

आक्का म्हणाल्या, "हवालदार तुमास्नी काय म्हनलं हुतं?"

"ते म्हणायचे, घर जाळून कोळशाचा धंदा करायचा नाही."

"मंग मी काय येगळं सांगू? पलीकडं बघा तुमी. हितं न्हाई." आणि जरा थांबून, "वाडीतली मला बोलतील. बोलू द्या. मी कंदिलावर लय वर्सं काडल्यात, त्ये घरी आसताना बी आन फौजेत आसताना बी."

"बघतो," तो म्हणाला. बघतो म्हणजे काय, ते त्याला ठाऊक. पलीकडे रस्ता काढणं त्याला परवडेल की नाही मला सांगता येत नाही. नाही परवडलं तर वाडीला दिवे उशिरा लागतील आणि लोक आक्कांना नावं ठेवतील, मलाही ठेवतील. हे मी त्यांना वाटेतच सांगितलं होतं. फटफटी उतारावरून गेली. आक्का म्हणाल्या, "चला. दगडं."

मी कोट काढला. तुम्ही बघितलं असतं तर म्हणाला असतात, कारकुनाला घाम आला. चौथी ओळ बारा बोटं सरकवायची, म्हणजे एक वीत. टेपची गरजच नव्हती. दगडाच्या कडेला अंगठा टेकायचा, पंजा ताणायचा, करंगळी पोचेल तिथं दगड. पाचवीला वीत आणि चार बोटं, सहावीला वीत आणि आठ. मी दगड उचलत होतो आणि आक्का मागे राहिलेल्या खळग्यात पायाने माती लोटत होत्या. एकदा मध्येच त्या म्हणाल्या, "कंबर धरली?" मी म्हणालो, "धरली." त्या म्हणाल्या, "त्येंची बी धरली हुती."

मला त्या दिवसाबद्दल विचारायचं होतं. दगड उचलल्याने तर तुम्ही गेला नाहीत ना, असं. विचारलं नाही. त्या सांगणार असत्या तर सांगितलं असतं, आणि तुम्ही असता तर म्हणाला असतात, पावणं, ज्याचा हिशेब लागत नाही त्याला हात घालू नये. हे तुम्ही कधी म्हणाला नाहीत, हे माझंच वाक्य आहे. तुमच्या तोंडी घालायला बरं वाटलं एवढंच.

सातवी ओळ शेवटची. चोवीस बोटं. दोन विती, म्हणजे पुरता एक हात. तोवर माझ्या पंज्यात ताण द्यायला बळ उरलं नव्हतं. मी खाली बसलो, कोपर दगडाच्या जुन्या जागी टेकलं आणि हात उत्तरेकडे सरळ जमिनीवर पसरला. मधल्या बोटाच्या टोकाला आक्कांनी दगड आणून ठेवला. मग पुढच्या दगडापाशी सरकायचं, परत कोपर टेकायचं, परत हात पसरायचा. असं ओळभर. शेवटचा दगड लागला तरी मी हात उचलला नाही. माळ तापला होता. जानेवारीतसुद्धा तो एवढा तापतो हे मी उसातला माणूस पहिल्यांदाच अंगाने बघत होतो.

आक्का कमरेवर हात ठेवून सगळ्या ओळींवरून नजर फिरवत होत्या. "झालं?"

"झालं."

"मंग सांगा की त्येस्नी. येवढी वर्सं नुसतं चुकतंय चुकतंय केलंत."

मला जमिनीवर पडल्या पडल्या बोलायची लाज वाटली, म्हणून उठून बसलो.

बरोबर आहे, पावणं. ओळी बरोबर आहेत. बाकीचं मला अजून माहीत नाही.